तीन क्षचा वर्ग

"बशीरसर गेले," शिपाई दारात उभा राहून म्हणाला, आणि मी विचारलं, "कुठं?" दुपारीच तर शाळेत माझ्यासमोर चहा पिऊन, "उद्या भेटू, बाई," म्हणत ते सायकलवर बसले होते. औरंगाबादेत स्टेशनच्या रस्त्यावर त्यांनी सायकल एका भिंतीला टेकवली, दम खायला खाली बसले, ते उठलेच नाहीत... महिना होत आला. अजून मला हे खरं वाटत नाही.

ते गणित शिकवायचे, मी मराठी. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, शाळा उर्दूची मराठी झाली आणि इतकी वर्षं उर्दूतून बीजगणित शिकवलेला हा माणूस ऐन चाळिशीत माझ्यापुढं शब्द शिकायला बसला. मराठीतून तास घेता आला तर नोकरी, नाहीतर घर. "कुव्वतनुमा म्हणजे घातांक? घात मंजी धोका ना, बाई? लेकरांना रोज धोका लिहवू?" मी हसले, त्यांना हसू आलं नाही. मी शब्द द्यायचे, अर्थ ते मला समजवायचे. चल म्हणजे जिची किंमत बदलू शकते ती राशी. सहगुणक म्हणजे तिच्या आधी उभा राहून तिला गुणणारा आकडा.

मग सरांचा तास पाहायला तपासणीस आले. माझा वर्ग शेजारीच, मधे नुसता लाकडी पडदा. सरांचा आवाज आला, "लिहा, तीन क्षचा वर्ग. क्ष दोन धरा. उत्तर?"

"छत्तीस!" अर्धी मुलं ओरडली. "बारा!" बाकीची.

"नेमकं काय शिकवता तुम्ही?" तपासणीसांनी विचारलं. माझा खडू फळ्यावर तसाच टेकलेला...

"लेकरांचं चुकलं नाय, साहेब," सर म्हणाले. "माझ्याच बोलण्यातून दोन अर्थ निघाले. ऐका रे. क्षच्या वर्गाची तिप्पट. वरचा बारका दोन फक्त क्षच्या डोक्यावर बसलाय, तीनला तो शिवत नाय. आधी दोन गुणिले दोन, चार. मग त्याची तिप्पट, बारा. छत्तीस पायजे तर तीन अन् क्ष दोघांना कंसात घ्या, मग वर्ग करा."

"चालू द्या पुढं," तपासणीस म्हणाले. नोकरी राहिली.

मधल्या सुट्टीत सर खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवर येऊन बसले. "बाई," ते म्हणाले, "मी आज पैल्यांदा मराठीत विचार केला."

त्यानंतर मुलांच्या किती तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. तपासणीसाची मात्र त्यांना पुन्हा कधी धास्ती वाटली नाही. धास्ती आम्हालाही कशाची नव्हती. साधा तापसुद्धा आला नव्हता हो त्यांना...

गेल्या आठवड्यात गणिताचे नवे शिक्षक रुजू झाले. शिक्षकांच्या खोलीत आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. "अहो, तिथं नको!" आम्ही तिघं-चौघं एकदमच ओरडलो. बिचारे दचकून उठले.

"तिथं बशीरसर..." मी सांगायला लागले आणि थांबले. बसतात म्हणावं, की बसायचे? मराठीची शिक्षिका मी, पण तोंडातून क्रियापद निघेना. नवे सर तसेच उभे राहिले.