उजवी पाकळी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, देवालाही नाही — आणि त्याच्यासमोर तर मी रोज सकाळी उभा असतो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जीभ रेटतेय. बघू कुठवर रेटते.

मी गुरव. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावातला. देवळाची पूजा आमच्या घराकडे. मधू माझा शाळेतला सवंगडी. तो शिकला, मास्तर झाला, आणि त्याची सगळी नोकरी तिकडे वैभववाडीकडे, घाटाखाली गेली. मी इथे दिवे लावत राहिलो. तुम्ही कधी कुणाची अशी वाट पाहिलीय — ज्याला ती माहीतही नाही? मी पाहिली. मग एका जूनमध्ये तो बदली होऊन आमच्याच शाळेवर हेडमास्तर म्हणून आला. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर आम्ही परत बसायला लागलो. तो बोलायचा, मी वाती वळायचो. बस्स, एवढंच. मला तेवढं पुरत होतं.

शाळा अगदी समुद्रालगत. उधाणाला खारं पाणी मैदानात यायचं, आणि चैत्रात पत्र्याखाली पोरं भाजून निघायची. किनाऱ्यावरच्या शाळा वाऱ्या-लाटांना टिकाव्यात, हिरव्या व्हाव्यात, म्हणून तेव्हा सरकारचा निधी येत होता. मधूने हेलपाटे घालून तो आमच्या शाळेला मंजूर करून आणला. पावसाच्या पाण्याची टाकी, आणि शाळा नि समुद्र यांच्यामध्ये उंडी-सुरूच्या झाडांच्या दाट ओळी. पायरीखालच्या वाळूत तो काठीने त्या ओळी आखून दाखवायचा. सावली कुठे पडेल, पहिलीची पोरं कुठे बसतील — त्याला सगळं दिसत होतं.

एकदा आखता आखता सहज म्हणाला, "बाबल्या, ह्यां काम झाला की माका तालुक्याक न्हेतले. बढती गावतली."

मी हसलो. हसलो असेनच. घरी गेलो, ताट तसंच सारलं. पुन्हा दिवे, पुन्हा रिकामी पायरी — का? चार झाडांसाठी?

झाडं लावायची ती वाळूची पट्टी देवाची. गाव म्हणाला, देवाक विचारा. म्हणजे कौल. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावायच्या; उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आणि पाकळ्या लावणारा हात गुरवाचा.

त्या दिवशी सभामंडप भरला होता. मधू अगदी पुढे, हात जोडून. मी गाऱ्हाणं घातलं, गाव "होय म्हाराजा" म्हणाला. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही — आजही मला त्याचंच भय वाटतं. डावी पाकळी नुसत्या पाण्यावर लावली. उजवीखाली — थांबा, सांगतो — उजवीखाली मी बोटावरचं ओलं गंध दाबलं. सगळे देवाकडे बघत होते. गुरवाच्या बोटांकडे कोण बघतो?

डावी पडली.

वाटलं होतं, मधू भांडेल. एवढा शिकलेला माणूस! तो वाकला, कपाळ टेकलं आणि म्हणाला, "देवाक नको तर नको रे." निधी दुसऱ्या गावच्या शाळेला गेला, त्याची बढती राहिली. माझ्या मनासारखं झालं म्हणायचं. पण वर्ष सरायच्या आत त्याने स्वतःहून बदली मागून घेतली, पुन्हा घाटाखाली. त्या उघड्या मैदानाकडे बघवत नाही म्हणाला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं — माझ्या हाती तर खरोखरचं.

पुढे काही वर्षांनी मोठ्या उधाणात शाळेची पडवी गेली, भिंती चिरल्या. पोरं आता सभामंडपात बसतात. मी पूजा करतो, माझ्या पाठीमागे पाढे चाललेले असतात. ज्या शाळेला निधी गेला तिची उंडीची झाडं मी एसटीतून बघितलीत. छपराच्या वर गेलीत. त्या उधाणात तिथली एक वीटही हलली नाही.

पडझड कळली तसा मधू बघायला आला. केस पिकलेले, चालणं मंद झालेलं. पोरांकडे बघितलं, मोडक्या भिंतींकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. कौल मी लावला होता ना — मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, "देवाक आदीच ठावक होता रे. झाडां लावली असती तरी दर्यान न्हेली असती."

आणि तो पायरीवर बसला. आपल्या जुन्या जागी. मी वाती घेऊन शेजारी बसलो. इतकी वर्षं मला दुसरं काय हवं होतं? उजवी पाकळी ओठांवर आली होती. सांगितलं असतं तर तो उठून गेला असता.

मी वाती वळत राहिलो. तो एसटी येईपर्यंत बसला.