साखर सोडलेली कपाशी

फुकट खाण्याचा आमच्या अमरावतीच्या भाऊजींइतका तिटकारा असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते आधी वाढायला उभे राहत आणि मगच पानावर बसत. हाच नियम त्यांनी पुढे कपाशीच्या पेशींना लावला.

कोवळ्या रोपाचा तुकडा घ्यायचा, त्याच्या पेशी सुट्या करून काचेच्या चंबूत, पातळ द्रावणात वाढवायच्या, हे पुष्कळ जण करतात. पण द्रावणात साखर घालावी लागते. पेशी ती खातात आणि फिकट, पिवळट अंगाने वाढत राहतात. भाऊजींना ते बघवेना. "अबे, पानातली पेशी उजेडावर पोट भरते, आन् हे इथं बसून साखर खाऊन राहिले. कपाशी आहे का घरजवाई?" असं त्यांनी मला विचारलं. आमच्या घरचे जावई तेच असल्यामुळे मी विषय बदलला.

मागच्या खोलीत ट्यूबलाइट लागल्या, चंबू अहोरात्र हलवत ठेवणारं यंत्र आलं, एसी बसला. ताई पुढच्या खोलीत पंख्याखाली राहिली. साखर हळूहळू कमी होऊ लागली. पेशींची जितकी कमी होई, तितकी भाऊजी आपल्या चहातलीही कमी करत. दुसऱ्याला उपास शिकवताना आपलं तोंड गोड असू नये, असं त्यांचं मत होतं. पाहुण्यांनाही तोच चहा मिळे. साखर नाही, तर हवेतला कर्बवायू तरी भरपूर हवा, म्हणून ते बोलक्या माणसांना तोंडावर फडकं बांधून त्या खोलीत बसवत. "बोला तुमी. इथं श्वास वाया जात नाही," म्हणत. त्यांचे एक वकील मित्र तर कोर्टातून थेट तिथेच येत. आपलं बोलणं कुणाच्या तरी अंगी लागतंय, हा अनुभव त्यांना नवा होता.

एका सकाळी अकोल्याला आमच्याकडे फोन आला. "सगळे गेले. एकबी नाही वाचलं," एवढं बोलून भाऊजींनी तो ठेवला. मी आणि बायको पांढरे कपडे घालून मिळेल त्या एसटीने अमरावतीला पोचलो. दार ताईनेच उघडलं. तिच्या हातात मेथीची जुडी होती.

"कोन गेलं?" मी विचारलं.

"पेशी. काळ्या पडल्या," ती म्हणाली. "जेवूनच जा आता."

भाऊजी आत मान खाली घालून बसले होते. "घाई केली मी. कमावती व्हायच्या आदीच ताट ओढलं." आलोच होतो, म्हणून आम्ही सांत्वन केलं. त्यांनी ते रीतसर स्वीकारलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी वर्षभर धीर धरला. मग पुन्हा फोन आला. "खाऊन राहिले," ते म्हणाले. "सोताचं." आम्ही जाऊन पाहिलं. साखरेचा कण नसलेल्या पाण्यात, नुसत्या उजेडावर, मुगाच्या सालीसारखा हिरवा रंग डुलत होता. भाऊजी त्याच्याकडे नोकरीला लागलेल्या मुलाकडे बघावं तसे बघत होते.

गेल्या वर्षी त्यांचे हात थरथरू लागले. पेशी ठरावीक दिवसांनी ताज्या द्रावणात हलवाव्या लागतात. हात जरा इकडेतिकडे लागला की बुरशी धरते. एकेक चंबू बुरशीने गेला आणि शेवटचा एकच उरला. त्यातल्या पेशी नव्या द्रावणात घालायच्या दिवशी मी तिथेच होतो. भाऊजी खोलीच्या दाराशी उभे होते, आत जात नव्हते. ताईने स्वयंपाकघरातून येऊन हात धुतले, स्पिरिटने पुसले, नाकावर फडकं बांधलं आणि जंतू मारायच्या दिव्याच्या ज्योतीसमोर बसली.

"चंबूचं तोंड आदी जाळावर..." भाऊजी सुरू झाले.

"मले माईत आहे. तुमी उगे राहा."

तिचा हात एकदाही हलला नाही.

पंधरवड्याने गेलो तेव्हा चंबू स्वच्छ होता, हिरवा. भाऊजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. "तिचा हात माह्यापेक्षा साफ आहे," ते म्हणाले. "इतकी वर्सं तिनं कधी इचारलं नाही, आन् मी कधी बलावलं नाही."

"ताई काय करून राहिली?" मी विचारलं.

"काय मालूम," ते म्हणाले. "खोलीचं दार आतून लावून घेते ती."