बारा गाड्यांचा परवाना

माझ्या हातचा अर्ज परत येत नाही, असं आमच्या भागात म्हणतात आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. मामलतदार कचेरीसमोर माझं अर्ज लिहून देण्याचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या. जन्म सुरतेचा, शाळा गुजराती, घरात अहिराणी. साहेबलोकांना काय वाचायला आवडतं आणि काय वाचलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते, हे मला तोंडपाठ आहे. कुठला रकाना सविस्तर भरायचा हे कोणीही शिकेल. कुठला रकाना दोन शब्दांत उरकायचा, ही खरी विद्या, आणि तिचा मला माज होता.

आम्ही राहतो ते गाव पलसाण्याच्या पुढे, हायवे सोडून आत. चहूकडे ऊस, मध्ये जुनी गुजराती वस्ती, आणि तिच्या कडेला आमच्या खानदेशी कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. खोल्या संपतात तिथे आमच्या लोकांनी बांधलेलं मरीआईचं देऊळ आहे. देवळापासून कच्चा रस्ता हलक्या उतारानं कालव्यापर्यंत जातो. खानदेशातल्या गावाला जायला सुट्टी मिळत नाही, कारखाने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बंद नसतात, म्हणून त्या वर्षी ठरलं की आखाजीच्या बारागाड्या इथेच ओढायच्या.

ज्यांनी बारागाड्या पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधतात. बैल नसतात. गाड्यांत माणसं खच्चून भरतात, साठ्यावर, दांड्यांवर, जिथे हात पुरेल तिथे. पुढे देवीचा भगत कमरेला दोर बांधतो, त्याच्या दोन्ही बाजूंना त्याला धरायला दोघं असतात, आणि देवीच्या नावाची आरोळी झाली की तो निघतो. गाड्या एकदा हलल्या की माणसाच्या ओढण्याचं काम संपतं, त्या आपल्या आपण धावतात. आणि मग सगळ्यांचा जीव एका माणसाच्या हातात असतो. तो पहिल्या गाडीबरोबर पळतो आणि ठरल्या जागी चाकाखाली लाकडाचा जाड ठोकळा सारतो. त्या ठोकळ्याला मोगरी म्हणतात. भगताला हार घालतात, मोगरीवाल्याला कोणी विचारत नाही.

आमच्या गावाला मोगरी माझे वडील लावायचे. विशीत असल्यापासून, दर आखाजीला, सुरतेहून रात्रीची गाडी पकडून जायचे. त्यांच्या हातून एकदाही गाडी रेषेपुढे गेली नाही.

फक्त आता ते बहिरे होते. सगळी उमर लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, गेली, तिथल्या खडखडाटात आधी डावा कान गेला, मग उजवा. घरात आम्ही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो, आणि शेजारच्या बायका मला विचारायच्या, आज पुन्हा भांडण का गं? या वर्षी मोगरी लावाल का, असं मी त्यांना विचारलं तेव्हा ते हसले. पायातली चप्पल काढून जमिनीवर तळवा टेकवून दाखवला.

"कान गयात ते गयात, पाय शेतस ना."

खात्यातही ते असंच करायचे. कुठल्या मशीनमध्ये बिघाड झालाय हे त्यांना फरशीतून कळायचं. बारागाड्यांचं तर सोपं होतं. लोखंडी धाव बसवलेली बारा गाड्यांची चाकं निघाली की जमीन अशी हादरते की रांजणातलं पाणी थरथरतं. गाडी किती लांब आहे, वेग किती आहे, ते त्यांना तळपायातून समजायचं. मागे वळून बघावंही लागत नसे.

अर्ज अर्थातच माझ्याकडे आला. कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळी वस्ती नाना म्हणते, ते दुकानात येऊन बसले. अर्जदार म्हणून कोणाचं नाव घालायचं यावर घोळ झाला. कोणाचा पत्ता अजून जळगावचा, कोणाच्या कार्डावर नाव चुकलेलं. कागदपत्रं नीट होती ती फक्त माझ्या वडिलांची, कारण ती मी केली होती. मी फुशारकीनं म्हटलं, बाबांचं घाला. हमीपत्रावरही त्यांचंच. "जबाबदार व्यक्तीची प्रकृती" या रकान्यात मी "उत्तम" लिहिलं. संध्याकाळी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्माही लावला नाही. कुठे सही करायची ते बोटानं दाखवायला सांगितलं आणि केली.

"कार्यक्रमाचं स्वरूप" या रकान्यात मी लिहिलं, देवीची पूजा, महाप्रसाद, सजवलेल्या बारा गाड्यांचं प्रदर्शन. ओढणं लिहिलं नाही. ओढणं लिहिलं की दोन्ही बाजूंनी कठडे आले, उभी ॲम्ब्युलन्स आली, गाड्यांच्या तपासणीचा दाखला आला, विमा आला. एवढं सगळं पुरं होईपर्यंत आखाजी निघून गेली असती. मी खोटं लिहिलं असं मला वाटलंसुद्धा नाही. मी रकाना उरकला.

कचेरीतल्या साहेबांनी मात्र त्या ओळीवर पेन टेकवलं.

"आ बार गाडां शेनां माटे, बेन?" या बारा गाड्या कशासाठी?

"शणगार माटे, साहेब." शोभेसाठी.

"बळद?"

"बळद नथी."

बैल नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. जनावरांच्या तक्रारींनी ते पिडलेले होते. तरी पेन उचलता उचलता त्यांनी विचारलं, "गाडां ऊभां ज रहेशे ने?" गाड्या उभ्याच राहतील ना?

ते माझ्याकडे बघत होते. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर माझ्या दुकानासमोर तीन माणसं ताटकळत होती. मी म्हटलं, "हा साहेब, ऊभां ज." शिक्का बसला. परवाना घेऊन मी बाहेर आले तेव्हा नाना पेढे घेऊन उभे होते आणि मी दोन खाल्ले.

आखाजीच्या दुपारी गाड्या आल्या. मी देवळाच्या ओट्यावर हळदीकुंकवाची ताटं लावत होते. मान वर केली आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते चटकन कळेना. गाड्या येत होत्या आणि आवाज नव्हता. आसपासच्या शेतकऱ्यांकडून मागून आणलेल्या त्या ऊसवाहू गाड्या होत्या. लाकडी चाक एकीलाही नव्हतं. रबरी टायर, आत बेअरिंग. पोरी कडेवर पाण्याच्या कळशा घेऊन चालल्या होत्या त्यांना मागून गाडी आल्याचं समजलं नाही, हाकणाऱ्याला ओरडावं लागलं.

बैल सोडल्यावर बाबा गाड्यांभोवती फिरले. पहिल्या गाडीला त्यांनी एका हातानं नुसतं लोटलं, ती दोन हात पुढे गेली. त्यांनी अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं. मग चप्पल काढली, आणि लोकांना गाडी पुढे न्यायला खुणेनं सांगून जमिनीवर पाय रोवून उभे राहिले. गाडी त्यांच्या पाठीमागून गेली. त्यांची मान वळली नाही. गाडी पुढे दिसली तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

मी धावत गेले आणि त्यांच्या कानाशी ओरडले की या गाड्यांचं तुम्हाला काही कळणार नाही, आज दुसऱ्याला लावू द्या.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "परवाना उना ना? मंग सरकारनी देखीसनच दिधा व्हई."

सरकारनं बघूनच दिला असेल. मी नानांना गाठलं. ते फेटा बांधून घेत होते. सचिन, उधना, कामरेज, कुठून कुठून आपली माणसं आली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका लेकरं घेऊन दाटीनं बसल्या होत्या, आणि रस्ता संपतो तिथे कालव्याच्या काठावरही.

"आते कसं थांबाडानं, ताई? परवाना तुमीच आनेल शे," नाना म्हणाले. ते रागावले नव्हते. उलट माझं कौतुकच करत होते.

बंदोबस्ताला दोन पोलीस होते. रसवंतीच्या गाड्याशी उभे राहून उसाचा रस पीत होते. मी त्यांच्याकडे चालत गेले. एक वाक्य बोललं असतं तर सगळं जागच्या जागी थांबलं असतं. साहेब, या गाड्या उभ्या राहणार नाहीत. पण मग पुढचा प्रश्न आला असता, हमी कोणी दिली? आणि परवान्यावर नाव बाबांचं होतं. थोरल्या जमादारानं माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "साहेब, अजून रस सांगू का?"

ते नको म्हणाले. मी परत फिरले.

उन्हं कलली तशा गाड्या भरल्या. मोजून माणसं घ्यायची ठरली होती, पण आरोळीच्या आधी तरणी पोरं झाडाला माकडं लोंबावी तशी लोंबली. भगतानं दोर बांधला. बाबा पहिल्या गाडीच्या डाव्या चाकाजवळ मोगरी छातीशी धरून उभे होते, अनवाणी. मी ओट्यावरून खाली उतरले आणि मला आठवतं, मी देवीला काही मागितलं नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

आरोळी झाली. गाड्या निघाल्या आणि पहिल्या वीस पावलांतच भगत ओढत नव्हता, पळत होता. त्याला धरणाऱ्या दोघांनी त्याला दोरासकट बाजूला खेचलं. रबरी चाकांचा नुसता सरसर आवाज, आणि त्यावर गाड्यांतल्या लोकांचा हर्ष. त्यांना वाटत होतं, काय सुरेख चालल्यात! बाबा पळत होते, पण गाडीच्या मागे पडले होते, कारण ती किती वेगात आहे हे त्यांचे पाय त्यांना सांगत नव्हते. रेषा आली. त्यांनी कसंबसं चाक गाठून मोगरी सारली. लोखंडी धाव तिच्यावर चढते, करकरते आणि थांबते. टायरनं ती उडवून लावली.

पुढे पंधरा-वीस पावलांवर बायका बसल्या होत्या. त्यांच्यामागे कालवा.

बाबांनी मोगरी परत उचलली. त्यांच्या वयाचा माणूस एवढा धावू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी गाडीच्या पुढे होऊन ती चाकाखाली दोन्ही हातांनी दाबली आणि ती पुन्हा निसटू नये म्हणून मागून पायानं रेटून धरली. पहिली गाडी तिरकी झाली, मागच्या तिच्यावर आदळल्या, माणसं खाली पडली, कोणाचा दात पडला, कोणाचं कोपर फुटलं. बायकांपर्यंत गाडी गेली नाही. हात लांब केला तर लागेल एवढ्यावर ती थांबली होती. लोकांनी देवीच्या नावानं पुन्हा आरोळी दिली. त्यांना वाटलं, झालं.

मी एकटीच डाव्या चाकाकडे धावत होते.

हॉस्पिटलात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तिसऱ्या दिवशी जमादार जबाब घ्यायला आले. त्याआधी नाना येऊन माझ्याशी बोलून गेले होते. खरं सांगितलं तर परवाना खोटी माहिती देऊन घेतला असं ठरणार, आणि खोटी माहिती देणारा अर्जदार खाटेवर पडलेला. हे नानांनी मला समजावण्याची गरज नव्हती. कागदाचं मला जास्त कळतं.

बाबांचा जबाब मीच लिहिला, गुजरातीत, नेहमीच्या स्वच्छ अक्षरात. देवळाच्या पायरीवरून उतरताना तोल जाऊन पडलो. शोभेसाठी उभ्या असलेल्या गाडीचं चाक सरकून पाय अडकला. कोणाविरुद्ध तक्रार नाही. लिहिताना एक शब्दही खोडावा लागला नाही, याचा मला आजही राग येतो. जमादारांनी वाचलं, मान डोलावली, माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि सही घ्या म्हणाले. त्या दिवशी तेही तिथेच होते, रस पीत.

मी पाठीमागे उशी देऊन बाबांना बसतं केलं आणि कागद पुढे धरला. त्यांनी पेन घेतलं, पण या वेळी सही केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "काय लिखेल शे?"

मी त्यांच्या कानाशी वाकले. जमादार शेजारी उभे होते. मी नुसते ओठ हलवले. त्यांना ऐकू गेलं नाही हे दोघांनाही माहीत होतं.

"गाड्या थांबन्यात ना?" त्यांनी विचारलं. "बायास्ले लागनं नही ना?"

मी मान हलवली. बायकांना काही लागलं नव्हतं.

त्यांचा चेहरा उजळला. मी दाखवलेल्या जागी त्यांनी सावकाश सही केली. मग पेन परत न देता कागदावरच्या मोकळ्या जागेवर टेकवून म्हणाले, "मोगरी बराबर लागनी व्हती. तेवढं लिखी दे, माय."

जमादारांनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, काही नाही, आणि बाबांच्या हातातून पेन काढून घेतलं.