परत आलेलं पत्रक

‘बाजार इथून हलवू नका,’ असं सांगणारी पत्रकं मी बाजारातच वाटत होते. एका बाईंनी चार पावलं पुढे जाऊन, पिशवी खाली ठेवून पत्रक पूर्ण वाचलं आणि त्या माघारी आल्या.

“घे गं बाई तुझा कागद. नाही पटलं.”

“का?”

“बाजार राहील. पण त्याचा आमच्या दारात पडणारा कचरा कोण उचलणार, तू?”

हाच मजकूर फोनवरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा नुसते अंगठे वर आले होते. नापसंतीचा, खाली वळणारा अंगठा द्यायची सोय तिथे नव्हतीच. तो हवा, पण त्यामागे असा चेहराही हवा, कारण सांगायला माघारी आलेला.

त्यांचा प्रश्न मी त्याच पत्रकाच्या तळाशी ठळक लिहिला आणि ते पुढच्या माणसाला ताठ मानेने दिलं.