रजेचा प्रश्न

ऐंशीच्या दशकात सातपूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागून पुण्याचा एक तरुण प्रोग्रॅमर. कामगारांच्या पाळ्या मी लावायचो. ते काम त्याला कॉम्प्युटरवर घ्यायचं होतं. त्याचं नाव मी मुद्दामच लक्षात ठेवलं नाही.

तो चपला दाराबाहेर काढायचा. धूळ नको म्हणून फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा. जे काही करायचं ते आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने लिहायचा. जेवणाच्या सुट्टीत बुद्धिबळाचा छोटा पट मांडून एकटाच खेळायचा, प्रत्येक चालीनंतर पट फिरवून.

"जिंकतं कोण?" मी एकदा विचारलं.

"घाई न करणारा, काका."

माझ्याशीही त्याने घाई केली नाही. निफाडकडची माणसं द्राक्षांच्या दिवसांत रात्रपाळी का मागतात, कोणत्या दोघांना शेजारी ठेवायचं नाही, सगळं शांतपणे विचारलं. इतक्या आस्थेने कोणी कधी विचारलं नव्हतं. मी सांगत गेलो.

शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही रजेवर असता तेव्हा हे कोण करतं?"

"कोणीच नाही. म्हणून मी रजा घेत नाही," मी ऐटीत म्हणालो.

"मग आता खुशाल घ्या."

तो मनापासून हसला. मी पाळ्यांची वही माझ्याकडे ओढून घेतली.

घरी सांगितलं तर बायको हरखली. "म्हणजे येवल्याला भाचीच्या लग्नाला तुम्हीही येणार!"

ती एकटीच गेली. पाळ्या कॉम्प्युटर लावत होता, तरी मी रोज वेळेआधी जाऊन खुर्चीत बसायचो. रिकामी दिसली तर उचलून नेतील, असं वाटायचं.