मुखेडचा सेल्फी पॉइंट

पर्यटनावरच्या लेखासाठी मुखेडला गेलो. मेहुण्याला आपलं गाव पेपरात झळकवायचं होतं, म्हणून तो थेट सेल्फी पॉइंटवर घेऊन गेला. तिथल्या 'आय लव्ह मुखेड'च्या भल्यामोठ्या अक्षरांवर एका मावशींनी गोधड्या वाळत घातल्या होत्या.

"मावशी, काढा की! दाजी पेपरसाठी फोटू काढून राहिले."

"वल्ल्या हायत लेकरा. लई घाई असंल तर तूच धर उचलून."

मेहुण्याने इस्त्रीच्या शर्टावर पाणी ओघळू देत 'मुखेड'वरची गोधडी वर उचलली. गावाचं नाव दिसलं.

"दाजी, मला नका घेऊ फोटूत!"

पण तो बाजूला झाला की गोधडी खाली येई आणि गाव झाकलं जाई. छापून आलेल्या मुखेडच्या फोटोत मेहुणा आहे.