विषयांच्या चिठ्ठीवरचा अंगठा

इंग्रजी चौथीपर्यंत आमच्या लोणावळ्याच्या शाळेत सगळ्यांना एकच ताट वाढलेलं असे. इंग्रजी, मराठी, इतिहास, भूगोल, गणित; पुढ्यात येईल ते मुकाट गिळायचं. पाचवीत गेलं की वाटा फुटत. संस्कृत घ्यायचं की फारसी, हा एक प्रश्न. चित्रकला की शास्त्र, हा दुसरा. आणि मुलींपुरता तिसरा: बीजगणित-भूमिती घ्यायची, की त्याऐवजी ‘शरीरशास्त्र आणि आरोग्य’. एकदा ठरलं की मॅट्रिकपर्यंत, म्हणजे इंग्रजी सातवीपर्यंत, बदल नाही. आरोग्याला वेगळे मास्तर नव्हते. ड्रॉइंगचे मास्तर मोकळ्या तासाला पुस्तक वाचून दाखवत आणि पोटाच्या आतल्या गोष्टी आल्या की ‘हे घरी वाचा’ म्हणून पान उलटत.

पाचवीत बसल्यावर पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांनी छापील चिठ्ठ्या वाटल्या. हव्या त्या विषयापुढे खूण करायची, खाली पालकाची सही नाहीतर अंगठा आणायचा, सोमवारी परत द्यायची. वर्गात आम्ही तिघी मुली. गणिताचे मास्तर हसून म्हणाले, “चला, तुम्ही तिघी सुटलात. आरोग्यावर खूण करा.” पोरं फिदीफिदी हसली. बाकीच्या दोघींनी तिथंच खूण करून टाकली. माझा स्वभाव मुळातला तिरका. मी उभी राहून विचारलं, “आरोग्य घेतलं तर पुढं काय बंद होतं?”

“कॉलेजात शास्त्राकडे जाता येत नाही,” मास्तर म्हणाले. “पण तुला कुठे जायचंय?”

खरं सांगायचं तर मला कुठंच जायचं नव्हतं. गणिताची आवड होती म्हणावं, तर चौथीला शंभरात अडतीस मार्क होते. पण जे दार मी अजून पाहिलंही नव्हतं, ते दुसऱ्यानं हसत हसत लावून घ्यावं, याचा मला संताप आला. संतापाच्या भरात माणूस काय करेल सांगता येत नाही. मी तर अजून पंधराचीही नव्हते.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. आम्ही मूळचे औंढ्याचे, पण राहायला रेल्वेच्या चाळीत. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. बोलणं कमी, भुवया जाड, आणि आवाज असा की चाळीतली मांजरंही उठून जात. मला शाळेत घातलं त्या दिवशी त्यांनी एकच अट घातली होती: नापास झाली की शाळा बंद. जवळच्या भाजे गावातलं एक स्थळ आईनं हेरूनच ठेवलं होतं.

त्या रात्री आबा जेवत असताना मी कसंबसं म्हटलं, “आबा, शाळेत विषय निवडायचेत.”

“सोपं असंल ते घे,” ते ताटातून मान वर न करता म्हणाले. “हिसाब-बिसाब नगं. नापास झालीस म्हंजी काय, ठावं हाय न्हवं?”

“व्हय,” मी म्हटलं. चर्चा संपली.

रविवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी बीजगणित-भूमितीपुढं खूण केली, दौतीत बोट बुडवून स्वतःच्याच डाव्या अंगठ्याला शाई फासली आणि चिठ्ठीवर दाबला. पगाराच्या दिवशी आबा तसाच अंगठा देत, ते मी पाहिलं होतं. अंगठा म्हणजे अंगठा, एवढीच माझी अक्कल. कागदावर तो उमटला मात्र, आणि मी चुलीकडे धावले.

राखेनं घासघासून कातडं सोललं, पण रेघांतली शाई निघेना. संध्याकाळी भाकऱ्या थापताना आईनं विचारलंच, “अंगठ्याला काय झालं गं?” मी म्हटलं, “दौत सांडली.” आबा उंबऱ्याशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नुसतंच दाराकडे, ते कळलं नाही. माझी भाकरी तव्यावर टाकताना मोडली.

आमच्या शेजारी एक पोलीस शिपाई राहायचा. त्याला फुशारक्या मारायची खोड. पुण्याला म्हणे एक कचेरी आहे, तिथं नुसत्या अंगठ्यावरून चोर ओळखतात. जगात दोन अंगठे सारखे नसतात. हे त्यानं पूर्वी कधीतरी सांगितलेलं मला नेमकं सोमवारी सकाळी आठवलं, आणि तोवर चिठ्ठी कारकुनाच्या हातात पडली होती. पुढचे दोन दिवस शाळेबाहेर सायकलची घंटी वाजली तरी मला पोलीसच आला असं वाटे. जेवण जाईना. कबूल करावं तर आबांची भीती, न करावं तर तुरुंगाची.

बुधवारी भूगोलाच्या तासाला शाळेचा शिपाई मला बोलवायला आला. हेडमास्तरांच्या खोलीत गेले तर आबा तिथं उभे. शाळेनं त्यांना थेट लाइनीवरून बोलावून घेतलं होतं. अंगावर कामाचे कपडे, पायाला गाळ, मुंडासं काढून हातात धरलेलं. टेबलावर माझी चिठ्ठी होती आणि शेजारी शाळेत नाव घातलं तेव्हाचा दाखल्याचा कागद, त्यावर आबांचा अंगठा. तो भलामोठा, मध्ये चिरा पडलेला. माझा त्याच्यापुढं चिंचोक्याएवढा. कारकुनाला कुठल्या कचेरीत जायची गरजच पडली नव्हती.

“हा तुझा अंगठा का?” हेडमास्तरांनी आबांना विचारलं. माझ्या वडिलांना कुणी अरेतुरे करताना मी प्रथमच ऐकत होते.

आबांनी वाकून पाहिलं. “न्हाई जी. ह्यो पोरीचा हाय.”

हेडमास्तर म्हणाले, “ही फसवणूक आहे. यासाठी नाव काढून टाकता येतं.”

“लिवलंय काय त्यात, गुरुजी?”

“बीजगणित, भूमिती. हिला चौथीत अडतीस मार्क आहेत. माझं ऐक, हे खोडून आरोग्य लिहू. उद्या नापास झाली म्हणजे?”

आबांनी माझ्या शाई लागलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तिला काय पायजे, ते इचारा जी.”

हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘गणित’ हा शब्द मी उच्चारला, की नुसती वाफ बाहेर पडली, मला ठाऊक नाही. पण आबांनी शाई मागितली. बोगद्यात अंगाला घासून गाडी जाताना भिंतीला चिकटून उभा राहणारा तो माणूस, पण एवढ्याशा कागदावर अंगठा टेकवायला त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. माझ्या अंगठ्याशेजारी त्यांचा अंगठा उमटला, जरा फिसकटलेला. मला तास संपेपर्यंत ओसरीत उभं राहायची शिक्षा झाली, आणि नाव राहिलं. पुढची तीन वर्षं मी त्या विषयात बुडत-तरंगत काढली आणि मॅट्रिकला काठावर सुटले.

त्या दिवशी मी ओसरीत उभी होते आणि आबा मुंडासं बांधत पायरीशी थांबले होते. आता मार बसणार म्हणून मी मान खाली घातली.

“लय अवघड असतं का गं ते?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

“मग मला सांगायचं की.”

“तुमची भीती वाटली, आबा.”

मुंडाशाचा वेढा अर्धाच राहिला. “म्या तुला कदी मारलंय का?”

मी आठवून पाहिलं. मनापासून आठवून पाहिलं. एकदाही नव्हतं.

“न्हाई,” मी म्हटलं.

“मग भ्यायलीस कशाला?” त्यांनी विचारलं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. खरंच काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. त्यांच्या मनाला फार लागलंय हे मला तेव्हा दिसलं, आणि दोन दिवस पोलिसांना, तुरुंगाला, भाज्याच्या स्थळाला भ्यालेली मी पहिल्यांदा रडले.